ताऱ्यांच्या अंगणातली पुस्तकं

"बाबा, आज तुम्हाला एका लायब्ररीत नेते," असं मुलगी म्हणाली, तेव्हा मी बॅगेतून कोट काढला. आमच्या पिढीची ही खोड. देवळात आणि ग्रंथालयात जायचं तर माणसाने जरा नीटनेटकं होऊन जावं, असं आपलं आम्हाला वाटतं. ही म्हणालीसुद्धा, "अहो, पुस्तकं काय तुमचा कोट बघणार आहेत?" पण मी ऐकलं नाही.

२०२५ सालचा एप्रिल होता. सोलच्या रस्त्यांवर चेरीचा बहर नुकता ओसरला होता आणि हवेत आपल्या पुण्याच्या डिसेंबरापेक्षाही बोचरा गारवा होता. शहराला गोल प्रदक्षिणा घालणारी भुयारी रेल्वेची दोन नंबरची लाइन आहे. तिच्यावरच्या साम्सॉंग स्टेशनात आम्ही उतरलो. (टेलिफोनवाल्या कंपनीशी या नावाचा काही संबंध नाही, हे आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने मला आधीच बजावून ठेवलं होतं.) वर उजेडात येऊ म्हणून मी वाट पाहतोय, तर मुलगी आम्हाला जमिनीखालूनच पुढे नेऊ लागली. बुटांची दुकानं, चष्म्यांची दुकानं, केकची दुकानं, तोंडाला लावायच्या मलमांची तर विचारूच नका. हा सोलमधला कोएक्स मॉल. पाव तास चालूनही दुकानं संपेनात, तेव्हा मी विचारलं, "अगं, लायब्ररीत जायचंय ना?"

"आलीच की," ती म्हणाली, आणि एका वळणावर छप्पर एकदम नाहीसं झालं.

म्हणजे ते उंच गेलं. डोक्यावर काचेतून आभाळ दिसू लागलं आणि समोर पुस्तकांची भिंत उभी राहिली. भिंत हा शब्दही अपुराच. चार मजली चाळीची उंची डोळ्यांपुढे आणा, तिला नदीच्या वळणासारखा बाक द्या आणि तळापासून माथ्यापर्यंत नुसती पुस्तकं रचा. मांडणीची उंची १३ मीटर आहे. अशा भिंती एकीसमोर एक उभ्या, मधून सरकते जिने खालीवर चाललेले, आणि प्रत्येक फळीखाली मंद पिवळा उजेड. हिने माझा हात धरला. आमच्या संसारात हा प्रकार क्वचितच घडतो.

नातू म्हणाला, "आजोबा, याचं नाव ब्यॉलमादांग. ब्यॉल म्हणजे तारा आणि मादांग म्हणजे अंगण." मला गंमत वाटली. आपल्याकडे तारांगण म्हटलं की खुर्चीत मागे रेलून कृत्रिम आकाश पाहायचं. यांनी ते नाव पुस्तकांना दिलं! इंग्रजीत त्याला 'स्टारफिल्ड लायब्ररी' म्हणतात.

आता थोडी हकिकत. हा मॉल २००० साली सुरू झाला. २०१४ साली त्याचं नूतनीकरण झालं, तर सगळं पांढरंशुभ्र आणि एकसारखं. माणसं आत येऊन वाट चुकत म्हणे. २०१६ साली तो चालवायचं काम शिनसेगे नावाच्या मोठ्या व्यापारी घराण्याच्या कंपनीकडे आलं. मॉलच्या मध्यभागची जागा म्हणजे दुकानदाराच्या दृष्टीने सोनं. तिथे आणखी पन्नास दुकानं काढण्याऐवजी त्यांनी २८०० चौरस मीटर जागा पुस्तकांना दिली, आणि ३१ मे २०१७ रोजी पन्नास हजारांवर पुस्तकांनिशी हे अंगण उघडलं. वर्षभरात दोन कोटींच्या आसपास माणसं येऊन गेली, असं कंपनी सांगते. पुस्तक बघायला आलेला माणूस जाता जाता मोजे घेतो, नूडल्स खातो. यात परोपकार किती आणि हिशेब किती, हे मला सांगता येणार नाही. आपल्याकडे धर्मशाळा बांधणारे शेठजी काय निव्वळ विरक्त होते?

इथवर सगळं ठीक होतं. पण मी चौकशी केली, "वर्गणी किती? अनामत किती? एका वेळी किती पुस्तकं देतात?" मुलगी म्हणाली, "बाबा, घरी नेता येत नाहीत. इथेच बसून वाचायची."

माझा चेहरा पडला. वाचकहो, मी बावीस वर्षं आमच्या वस्तीतल्या एका छोट्या ग्रंथालयाचा मानद कार्यवाह होतो. ग्रंथालय म्हणजे देवघेव, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. ज्या ग्रंथालयातून पुस्तक घरी जात नाही, कुणाच्या उशाशी झोपत नाही, ते कसलं ग्रंथालय? ती तर सजावट! दुकानाच्या काचेत उभ्या असलेल्या पुतळ्याने साडी नेसावी, तशी मॉलने ही पुस्तकं नेसली आहेत, असं काहीतरी मी रागाने बोललो. त्यात आजूबाजूची मंडळी पुस्तकांकडे पाठ करून आपलेच फोटो काढत होती. त्यामुळे माझा मुद्दा फारच बळकट झाला.

"लोकांना घरी न्यायला पुस्तकं देणारी हजारावर सार्वजनिक ग्रंथालयं आहेत या देशात," मुलगी शांतपणे म्हणाली. "जुन्या नगरभवनात २०१२ पासून शहराचं मोठं ग्रंथालय आहे. २०२२ पासून तर त्याच्यासमोरच्या हिरवळीवरही पुस्तकं मांडून ठेवतात. हे वेगळं आहे, बाबा. जरा बसा तरी."

बसलो. बाकड्याच्या एका टोकाला माझ्याच वयाचे एक गृहस्थ भिंग घेऊन वाचत होते. त्यांनी काठी बाजूला सरकवून जागा केली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "इन्दो?" कोरियन भाषेत भारताला इन्दो म्हणतात. मी मान हलवली. त्यांनीही हलवली आणि पुन्हा भिंग पुस्तकावर टेकवलं. आमचं संभाषण एवढंच.

पण बसल्यावर हळूहळू दिसू लागलं. फोटोवाले येत होते, जात होते. ते पाण्यावरच्या फेसासारखे. खाली वेगळीच वस्ती होती. लांब टेबलांवर परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. पायाशी खरेदीच्या पिशव्या ठेवून एका कादंबरीत पार बुडालेली बाई. २०२४ साली हान कांग यांना साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हापासून त्यांच्या पुस्तकांभोवती गर्दी असते, असं मुलगी म्हणाली. ती बाई त्यांचंच पुस्तक वाचत होती. फळीवरून कुणीही उठावं, पुस्तक काढावं, वाचावं, ठेवावं. दारच नाही, तर दारावर माणूस कुठून असणार? कुणी नाव विचारत नाही, ओळखपत्र मागत नाही, सही घेत नाही.

आणि मला माझा किल्ल्यांचा जुडगा आठवला.

आमच्या ग्रंथालयात चौदा कपाटं होती. सगळ्यांना कुलपं. वाचकाने चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, मग मी किंवा आमचे शिपाई कपाट उघडून पुस्तक काढून देणार. लहान मुलं कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहत, त्यांना मी हटकत असे. काचेवर डाग पडतात म्हणून! बावीस वर्षांत आमची एकूण सदतीस पुस्तकं हरवली, याचा मला केवढा अभिमान होता. वार्षिक सभेत मी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवत असे. पुढे वाचक कमी होत गेले, जागेचा वाद निघाला, आणि एके दिवशी ती सगळी सुरक्षित पुस्तकं टेम्पोत भरून वजनावर गेली. किल्ल्या माझ्याजवळच राहिल्या. अजून आहेत.

हे त्या बाकावर बसून आठवेल, असं मला वाटलं नव्हतं.

तरी माझी एक तक्रार कायम आहे, आणि ती मी नोंदवून ठेवतो. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं! दोन पुरुष उंचीच्या वर माणसाचा हात जात नाही. तिथे जे आहे ते वाचण्यासाठी नाही, पाहण्यासाठी. आभाळातल्या ताऱ्यांना हात लागत नाही, तेव्हा नावाला जागले म्हणायचं. पण काचेआड ठेवलेलं पुस्तक आणि तेरा मीटरवर ठेवलेलं पुस्तक, वाचकाच्या दृष्टीने दोन्ही कुलपातच.

माझं आणखी एक कुलूप नातवाने उघडलं. मी एक जाडजूड पुस्तक काढलं, उघडलं, आणि लक्षात आलं की पन्नास हजार पुस्तकांच्या मधोमध मी निरक्षर आहे. शीर्षक वाचता येईना, पान सुलटं की उलटं तेही नीट कळेना. आयुष्यात प्रथमच. नातू शेजारी येऊन बसला आणि पाटीवर गिरवल्यासारखं बोटाने मला शिकवू लागला. सेजोंग राजाने १४४३ साली ही लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली प्रजेला दिली. चिनी अक्षरं सामान्यांना जमत नाहीत म्हणून. एकूण २८ अक्षरं. जीभ टाळ्याला कशी लागते त्याचा आकार म्हणजे 'क', बंद तोंडाचा चौकोन म्हणजे 'म'. "आजोबा, आपल्या बाराखडीसारखंच आहे. व्यंजनाला स्वर जोडायचा." तासाभरात मला समोरच्या पाटीवरचा 'मादांग' वाचता आला. सत्तरी उलटल्यावर अक्षर लागण्याचा आनंद काय असतो, तो कसा सांगू?

बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडे एक देऊळ दिसलं. मॉलच्या काचांसमोर कौलारू छपरं! हा बोंगउन्सा विहार, ७९४ सालचा. बुद्धजयंती जवळ आली होती. सगळ्या अंगणावर रंगीत कागदी कंदिलांचं छतच झालं होतं. ही म्हणाली, "यांची दिवाळी आपल्याआधी आली की!" तिथे मागच्या बाजूला पानजॉन नावाची एक लाकडी इमारत आहे. १८५६ साली ती बांधली, ती अवतंसक सूत्राचे लाकडी ठसे ठेवण्यासाठी. तीन हजारांहून अधिक फळ्या. त्यांवर उलटी अक्षरं कोरलेली. शाई लावून कागद दाबला की पान तयार. दारावरच्या पाटीची दोन मोठी अक्षरं किम जॉंग-हुई या नामांकित सुलेखनकाराची आहेत. शेजारी बारीक अक्षरांत त्याने लिहून ठेवलंय की एकाहत्तराव्या वर्षी, आजारपणात हे लिहिलं. मृत्यूच्या तीन दिवस आधी, असं सांगतात. अक्षरं लहान मुलाने काढावीत तशी साधी, थोडी वेडीवाकडी. जन्मभर ज्याने लेखणी घोटली, तो शेवटी इथे येऊन पोचला. मी तिथे बराच वेळ उभा होतो. सकाळीच मूळाक्षरं शिकलेला विद्यार्थी मी. मला ती पाटी जवळची वाटली.

पुढच्या आठवड्यात जावयांनी आम्हाला सुवॉनला नेलं. सोलपासून रेल्वेने तासाभराची वाट. तिथल्या मॉलमध्ये जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीने दुसरं अंगण उघडलं. चौथ्यापासून सातव्या मजल्यापर्यंत, २२ मीटर उंच. मान दुखेपर्यंत पाहिलं. पण खरं सांगायचं तर पहिल्या भेटीची नवलाई काही आली नाही. त्या गावात मला लक्षात राहिला तो किल्ला. जोंगजो राजाने १७९४ ते १७९६ मध्ये बांधलेला. याच राजाने गादीवर येताच, १७७६ साली, राजवाड्याच्या बागेत क्यूजांगगाक हे ग्रंथालय स्थापन केलं होतं. किल्ला झाल्यावर त्याच्या बांधकामाचा संपूर्ण वृत्तांत १८०१ साली खिळ्यांच्या छपाईने ग्रंथरूपात निघाला. नकाशे, अवजारांची चित्रं, कुठल्या कारागिराला किती मजुरी दिली ती नावानिशी! पुढे कोरियन युद्धात किल्ल्याची पडझड झाली. १९७०च्या दशकात तो पुन्हा उभारला, तेव्हा हा ग्रंथ उघडून त्याबरहुकूम काम केलं. १९९७ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. जावई म्हणाले, "बाबा, तुमच्या वार्षिक अहवालासारखाच आहे की हा ग्रंथ!" मी हसलो. आमच्या अहवालांवरून आमचं ग्रंथालय कुणी पुन्हा बांधेल, असं काही वाटत नाही.

परतायच्या आदल्या दिवशी पुन्हा ताऱ्यांच्या अंगणात गेलो. तिथे लोकांनी दिलेली पुस्तकंही असतात, हे मला तोवर कळलं होतं. हिच्या पिशवीत प्रवासात वाचायला आणलेला २०२४चा एक दिवाळी अंक होता. रीतसर देणगी द्यायची तर अर्ज, शिक्के, आणि मराठी वाचणारा अधिकारी कुठून आणायचा? मी आणि नातवाने एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या हाताला येईल अशा फळीवर, परदेशी पुस्तकांच्या शेजारी, त्याने तो अंक हळूच उभा केला. मुखपृष्ठावरची पणतीवाली बाई त्या पिवळ्या उजेडात मोठी ऐटीत दिसत होती. बावीस वर्षं नियम सांभाळलेल्या कार्यवाहाचा हा पहिला गुन्हा.

मुंबईला परतून महिना झाला असेल. नातवाचा फोन आला. "आजोबा, मी आज तिथे गेलो होतो. आपला अंक फळीवर नाहीये! सगळीकडे शोधला. कुणीतरी घरी नेला."

सफाई करणाऱ्याने काढून टाकला असेल, हे मलाही सुचलं. पण मी म्हटलं, "नेला असेल. वाचून आणून देतील."

पलीकडच्या खोलीतून ही म्हणाली, "अहो, त्यातलं शब्दकोडं माझं अर्धंच झालं होतं!"