ग्वामची मतपेटी

ग्वाम हे पश्चिम प्रशांत महासागरातलं अमेरिकेचं बेट. वस्ती दीड लाखाच्या आसपास. 1898च्या युद्धानंतर ते स्पेनकडून अमेरिकेकडे आलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, मधला जपानी अंमल सोडला, तर तिथे नौदलाचा अधिकारी गव्हर्नर असे. आपल्याकडे राज्यपाल नेमलेला असला तरी कारभार निवडून आलेले मुख्यमंत्री चालवतात. ग्वाममध्ये कारभार गव्हर्नरच चालवतो. म्हणून त्याला कोण निवडतं, हा तिथे जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

*

मार्च 1949. ग्वामच्या लोकप्रतिनिधींनी एका अमेरिकन माणसाला चौकशीसाठी बोलावलं. तुम्हाला तो अधिकारच नाही, असं नौदलाच्या गव्हर्नरने सांगितलं. प्रतिनिधी सभात्याग करून उठले. ती बातमी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचली आणि 1950 साली ग्वामला नागरिकत्व, तसंच कायदे करणारं विधिमंडळ मिळालं. गव्हर्नर मात्र राष्ट्राध्यक्षच नेमत राहिले. तो निवडण्याचा कायदा 1968 साली झाला आणि पहिली निवडणूक 1970 साली. कार्लोस कामाचो निवडून आले. सभात्यागापासून त्या मतदानापर्यंत एकवीस वर्षं गेली. तेव्हाची चामोरो माणसं, म्हणजे ग्वामचे मूळ रहिवासी, नेटाने मागत राहिली, म्हणून आजची मतपेटी आहे.

*

विधिमंडळ एकाच सभागृहाचं. 1998च्या निवडणुकीआधी 21 सिनेटर होते, तेव्हापासून 15 आहेत. मतदारसंघ नाहीत, अख्खं बेट हाच एक मतदारसंघ. त्यामुळे एका मतदाराला पंधरापर्यंत नावांवर खूण करता येते. उमेदवारालाही उत्तरेच्या देदेदोपासून दक्षिणेच्या इनालाहानपर्यंत सगळीकडे तोंड दाखवावं लागतं. गावोगाव ‘पॉकेट मीटिंग’ भरतात. कुणाच्या तरी अंगणात मांडव, टेबलावर लाल भात आणि लिंबू-खोबऱ्यातलं केलागेन, आणि समोर उमेदवार. मतदार त्याला नावाने ओळखतो, बऱ्याचदा नात्याने. इतक्या जवळून लोकप्रतिनिधी पारखायला मिळणं हे भाग्य आहे.

*

1998ची गव्हर्नरपदाची निवडणूक मला फार महत्त्वाची वाटते. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर जोडीने उभे राहतात. गुतिएरेझ-बोर्दायो जोडीला 24,250 मतं पडली, अडा-कामाचो जोडीला 21,200. 1,294 जणांनी छापील यादीबाहेरची नावं लिहिली, 609 जणांनी दोन्ही जोड्यांवर खूण केली, आणि 1,313 जणांनी ही जागा कोरीच ठेवली. एकूण मतपत्रिका 48,666. कायद्यानुसार बहुमत हवं, नाहीतर पुन्हा मतदान. पण बहुमत कशाचं? कोऱ्या पत्रिका धरल्या तर जिंकणाऱ्या जोडीची टक्केवारी 49.83, वगळल्या तर 51.21. अपिली न्यायालयाने पुन्हा मतदान घ्यायला सांगितलं. 19 जानेवारी 2000 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला: गव्हर्नरपदासाठी पडलेलीच मतं मोजायची. एका छोट्या बेटावरच्या कोऱ्या पत्रिकांचा अर्थ लावायला देशाचं सर्वोच्च न्यायालय बसलं, याचं मला समाधान वाटतं. मत मोजण्याइतकीच काळजी मत देण्याच्या हक्काची घेतली असती तर?

*

कारण ग्वामचा माणूस अमेरिकन नागरिक असूनही त्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. त्या नोव्हेंबरात तिथेही राष्ट्राध्यक्षपदाची मतपत्रिका छापतात, लोक खूण करतात, आकडे जाहीर होतात, पण ते कुठल्याच बेरजेत धरले जात नाहीत. 1984 ते 2012 या आठही निवडणुकांत ग्वामने निवडलेला उमेदवारच राष्ट्राध्यक्ष झाला. तारीखरेषेमुळे ग्वामचं मतदान संपतं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असतात.

*

ग्वामचा माणूस कॅलिफोर्नियात राहायला गेला की त्याला राष्ट्राध्यक्ष निवडता येतो. कॅलिफोर्नियाचा माणूस पॅरिसला गेला तर टपालाने मत देऊ शकतो, ग्वामला स्थायिक झाला तर तो हक्क गमावतो. अमेरिकन काँग्रेसमध्ये ग्वामचा एक प्रतिनिधी बसतो. तो समितीत मत देतो, पण विधेयकावरच्या शेवटच्या मतदानात त्याला मत नाही. ग्वामच्या विधिमंडळाने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकारही काँग्रेसने राखून ठेवला आहे. आणि याच बेटावर अँडरसन हवाई तळ आहे, नौदलाचा तळ आहे, इथली मुलं मोठ्या संख्येने अमेरिकेच्या सैन्यात जातात. युद्ध पुकारायचं की नाही हे ठरवणाऱ्यांना निवडण्यात त्यांच्या आईबापांचा वाटा नाही. याला मी अन्यायच म्हणेन.

*

राज्याचा दर्जा, मुक्त सहयोग की स्वातंत्र्य, या प्रश्नावर बेटावरच्या मूळ रहिवाशांचा कौल घ्यायचं ग्वामने ठरवलं होतं. मतदारांची ती अट वंशावर आधारलेली आहे, असं म्हणत न्यायालयाने 2017 साली तो कौल रोखला, अपिलातही तेच कायम राहिलं. वंशावरून मत नाकारू नये हे तत्त्व मला मान्य आहे. पण ज्यांची भूमी विचारल्याशिवाय हस्तांतरित झाली, त्यांना विचारण्याची दुसरी वाट शोधणं हे काँग्रेसचं कर्तव्य आहे, आणि ते तिने केलेलं नाही.

*

2018 साली लू लिऑन गेरेरो या ग्वामच्या पहिल्या महिला गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. त्याआधी त्यांनी परिचारिका म्हणून काम केलं होतं, नंतर बँक चालवली होती. 2022 साली त्या पुन्हा निवडून आल्या. 2024 साली विधिमंडळात मात्र रिपब्लिकन पक्षाला नऊ आणि त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला सहा जागा मिळाल्या. सत्ता अशी मतपेटीतून शांतपणे हात बदलते. स्वतःचं घर इतक्या जबाबदारीने चालवणाऱ्या लोकांची लायकी आणखी तपासण्याचं कारण उरलेलं नाही. त्यांना पूर्ण मत द्यावं, किंवा आपली वाट आपण निवडू द्यावी.