नकाशाच्या आडवाटा

पुण्याहून वाईस जावयाचें म्हणजे शिरवळला नीरा ओलांडावी, खंडाळा मागें टाकावें, खंबाटकीचा घाट चढून वेळ्याकडे उतरावें आणि सुरूरपाशीं हमरस्ता सोडावा; मग ढोल्या गणपतीचें देऊळ व कृष्णेचे घाट फारसे दूर राहत नाहींत. पूर्वीं ही वाट गाडीवान दाखवी. हल्लीं खिशांतला नकाशा दाखवितो. यांतील ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणा एका सरकारचा किंवा पेढीचा नव्हे. स्टीव्ह कोस्ट यांनीं 2004 सालीं इंग्लंडांत तो आरंभिला आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनीं आपापल्या गांवच्या वाटा त्यांत भरल्या. तेव्हां तो कधीं विचित्र वाट दाखवूं लागला, तर त्याची चिकित्सा करणेंही आपल्याच हातीं आहे.

पहिला प्रश्न हा, कीं वाट खरोखरच विचित्र आहे काय? खंबाटकीस बरींच वर्षें अशी व्यवस्था होती कीं साताऱ्याकडे जाणारानें घाट चढावा व पुण्याकडे परतणारानें बोगद्यांतून यावें. जातांना एक वाट आणि येतांना दुसरी पाहून नवखा प्रवासी नकाशासच बोल लावी. पण दोष नकाशाचा नव्हता. उलट, रस्त्याची दिशा बदलली आणि नकाशांतील एकेरी वाहतुकीची खूण तशीच राहिली, तर मात्र तो खरोखरच भलतीकडे नेतो.

दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. वाईच्या परिसरांत हिंडत असतां एका ओढ्यावर नवा पूल समोर दिसत असून नकाशा आम्हांस दूरच्या फेऱ्यानें जावयास सांगूं लागला. चित्र मोठें करून पाहिलें, तों पुलाची रेघ रस्त्याच्या रेघेपासून केसभर अलीकडेच थांबलेली! नकाशांत रस्ता म्हणजे बिंदूंची माळ. दोन माळांना एक बिंदू समाईक असेल तरच यंत्र त्यांना जोडलेल्या समजतें. आपल्या डोळ्यांस जी फट दिसतही नाहीं, ती यंत्रास समुद्राएवढी वाटते.

वाट काढणारें यंत्र प्रायः अंतर नव्हे, तर वेळ मोजतें. डच गणितज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं 1959 सालीं प्रसिद्ध केलेली रीत अशा शोधाच्या मुळाशीं आहे. प्रत्येक तुकड्यास किती वेळ लागेल तें रस्त्याच्या दर्जावरून व वेगमर्यादेवरून ठरतें. म्हणून शेतांतल्या गाडीवाटेस कोणी जिल्हारस्त्याचा दर्जा दिला, तर मोटार चिखलांत रुतावयाची. आणि चांगल्या रस्त्यावर ‘खाजगी’ अशी खूण पडली, तर यंत्र त्यास वळसा घालावयाचें. वाहनाचा प्रकारही नीट निवडावा. मुंबई-पुणे द्रुतगति मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. मोटारीसाठीं काढलेली वाट स्कूटरवाल्यानें घेऊं नये.

दोष हुडकण्याची एक सोपी युक्ति आहे. ओएसआरएम, ग्राफहॉपर, व्हालहाला अशीं निरनिराळीं शोधयंत्रें याच नकाशावर चालतात. तोच प्रवास दोघांस विचारावा. दोघेंही एकाच ठिकाणीं अडलीं, तर बहुधा नकाशांत खोट आहे. एकच अडलें, तर त्याच्या नियमांत, किंवा त्याच्याजवळची प्रत जुनी आहे. दुरुस्ती केल्यावर तिचा गुण तत्काळ येत नाहीं. यंत्रानें नवी प्रत घेईपर्यंत कांहीं तास, क्वचित् कांहीं दिवस जातात. दुरुस्ती जमत नसेल, तर त्या जागीं टीप लिहून ठेवावी. जाणता मनुष्य तिची दखल घेऊं शकतो. मात्र प्रत्यक्ष पाहिल्यावांचून कांहींएक बदलूं नये.

एवढा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. गांवकऱ्यास नकाशा नको. त्याची वाट त्याच्या पायांस ठाऊक असते. नकाशा लागतो तो परक्यास. रात्रीं अपरात्रीं आजाऱ्याला न्यावयास येणारी गाडी परक्याच्याच हातीं असते, आणि केसभर तुटलेली रेघ तिचा अर्धा तास खाऊं शकते. आपल्या दारासमोरचा रस्ता नकाशांत पुढच्या रस्त्यास मिळतो कीं नाहीं, एवढें तरी प्रत्येक घरानें एकदां पाहून ठेवावें.