हमालाची तालीम

दिवसभर ओझीं वाहणाऱ्यास तालमीची गरज काय, असा प्रश्न आम्हां खुर्चीवर बसून पोट भरणाऱ्यांस सहज सुचतो. पण श्रम आणि व्यायाम हे एक नव्हेत. व्यायामांत भार आपण ठरवितों, क्रमानें वाढवितों, आणि मध्यें विसावा घेतों. कारण बळ वाढतें तें मेहनतीच्या वेळीं नव्हे, तर मागाहूनच्या अन्नांत व झोपेंत. हमालाचा भार बाजार ठरवितो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं माणशीं ५५ किलोंची मर्यादा सुचविली. त्यानंतरही कित्येक वर्षें आपल्याकडे शंभर किलोंचीं पोतीं पाठीवर चढतच होतीं.

पुण्याच्या मार्केट यार्डांतला माझ्या ओळखीचा एक तरुण हमाल संध्याकाळीं तालमींत जातो. कुस्त्या मारण्याची हौस त्याला नाहीं. चाळिशींतच कंबर गेलेले सोबती तो रोज पाहतो, म्हणून पाठ कमावतो. कांद्याची आवक मोठी असेल त्या दिवशीं तो बैठकांना हात जोडतो. चार जोर काढून, दोराला लोंबकळून पाठ मोकळी करतो आणि लवकर निजतो. वस्ताद त्यास आळशी म्हणतात. शरीरशास्त्र मात्र, माझ्या मतें, वस्तादांपेक्षां त्यालाच अधिक कळलें आहे. खरी मेहनत तो सुट्टीच्या दिवशीं करतो. पण मुकादमानें त्याही दिवशीं गाडी उतरविण्यास बोलाविलें, कीं आठवड्याचा हा सारा हिशेब कोलमडतो.