शब्दांचे शिवार

पाठांतराने शब्द जिभेवर येतो. परंतु जिभेवर आलेला प्रत्येक शब्द मनात मूळ धरतोच असे नाही. मृगाच्या सरीनंतर पेरलेले बी मातीत गेले तरच रुजते, वरच राहिले तर पाखरे टिपून नेतात. शब्दांचेही असेच आहे.

वऱ्हाडातील पुष्कळ मुले मराठी शाळांतून शिकतात आणि पुढे मोठमोठ्या परीक्षांना बसतात. कोणाला पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावयाचे असते. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीला २०० गुण असतात आणि कठीण शब्दांचे अर्थ हमखास विचारले जातात. मग अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या अभ्यासिकेत बसलेला विद्यार्थी शब्दांची लांबलचक यादी समोर ठेवतो. डाव्या बाजूस शब्द, उजव्या बाजूस अर्थ. सकाळी पाठ केलेले शब्द सायंकाळपर्यंत एकमेकांत मिसळून जातात. असे वारंवार घडले म्हणजे त्याच्या मनात एक घातक समजूत घर करते. इंग्रजी ही शहरातील मोठ्या घरांची मिरास आहे, खेड्यातल्या पोराने तिच्या वाटेस जाऊ नये, असे त्याला वाटू लागते. वास्तविक दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. शब्दामागचे चित्र त्याला कोणी दाखविलेले नसते, इतकेच.

चित्रांतून भाषा शिकविण्याची कल्पना नवी नाही. मोराव्हिया प्रांतात १५९२ साली जन्मलेला कोमेनिअस हा थोर शिक्षक मुलांना छड्या मारून लॅटिन घोकविण्याच्या विरुद्ध होता. १६५८ मध्ये जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे त्याचे चित्रमय पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात नांगरणी, गुरे, स्वयंपाक, सुतारकाम अशी अनेक चित्रे होती. चित्रातील वस्तूंवर आकडे घातलेले होते आणि तेच आकडे खालच्या शब्दांनाही दिलेले होते. आधी वस्तू पाहावी, मग तिचे नाव उच्चारावे, हा त्याचा दंडक. आपल्या अंकलिपीत अक्षरांशेजारी कमळ आणि बदक बसलेले असते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

परंतु कमळाचे चित्र काढता येते, तसे वैराचे किंवा भ्रमाचे कसे काढावे? येथे वऱ्हाडातील मुलांच्या मदतीला त्यांचे शिवारच धावून येते. इंग्रजीतील अनेक कठीण शब्द लॅटिन भाषेतून आलेले आहेत आणि प्राचीन रोमन लोक मुळात शेतकरी होते. त्यांनी मनातल्या गोष्टींना नावे दिली, तीही बहुधा शेतातल्या गोष्टींवरून.

‘रायव्हल’ म्हणजे प्रतिस्पर्धी. लॅटिनमध्ये ‘रिव्हुस’ म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचे पाणी घेणारे दोन शेजारी, हा या शब्दाचा मूळ अर्थ. पाण्याच्या पाळीवरून बांधावर झालेली बोलाचाली ज्याने ऐकली आहे, त्याला हा शब्द घोकावा लागत नाही. वहीच्या कोपऱ्यात एक पाट आणि दोन्ही काठांवर दोन माणसे काढली की काम झाले.

‘डिलिरियम’ म्हणजे तापाच्या भरात होणारा भ्रम. ‘लिरा’ म्हणजे नांगराचे तास. नांगर तास सोडून आडवातिडवा जावा, तसे मन ताळ सोडून जाते. आपणही बोलता बोलता विषय सोडणाऱ्याला भरकटला असे म्हणतोच.

‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. सकाळी गावाच्या आखरावर जमलेली गुरे डोळ्यांपुढे आणावीत. ‘काँग्रिगेट’ म्हणजे एकत्र जमणे, ‘सेग्रिगेट’ म्हणजे वेगळे काढणे, ‘ग्रिगेरिअस’ म्हणजे चार जणांत रमणारा. एका चित्राच्या दाव्याला असे तीन शब्द बांधले जातात. ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द लॅटिन नव्हे, इंग्रजांच्याच शेतातला. त्याचा जुना अर्थ बी मुठीने फोकून पेरणे. विसाव्या शतकात रेडिओ आला, तेव्हा चहूकडे आवाज पेरण्याच्या क्रियेला तोच शब्द मिळाला.

तथापि केवळ चित्रावर विसंबून राहिल्यास फसगतही होते. ‘एग्रिजिअस’ हा शब्द त्याच कळपातला. कळपाबाहेर उठून दिसणारा, म्हणून पूर्वी तो उत्तम माणसाला लावीत. आज मात्र तो अत्यंत वाईट, धडधडीत चुकीच्या गोष्टीला लावतात. चित्र तेच राहिले, अर्थ मात्र उलटला. म्हणून चित्र काढल्यावर शब्दकोश उघडावा, आजचा अर्थ पाहावा आणि त्या शब्दाचे एखादे वाक्य स्वतः रचावे. चित्र दारापर्यंत पोहोचविते. आत जावयाचे ते वाक्याचा हात धरूनच.

ही दृष्टी एकदा आली की स्वतःची भाषाही नवी दिसू लागते. ‘गवेषणा’ म्हणजे संशोधन. त्याचा मूळ अर्थ गाईंचा शोध. हरवलेली गाय शोधीत रानोमाळ हिंडणारा माणूस आणि प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ एकाच शब्दात उभे आहेत. इंग्रजीतील ‘विंडो’ म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा, आणि संस्कृतातून मराठीत आलेला ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. हजारो कोसांचे अंतर असलेल्या दोन लोकांनी भिंतीतील झरोका पाहिला आणि दोघांनाही डोळाच आठवला!

भाषा अशा जन्मतात. त्या घडविणाऱ्यांत पंडित होते, तसेच नांगरधारी आणि गुराखीही होते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत वाढलेल्या मुलाने कठीण शब्दांसमोर मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. परीक्षेच्या खोलीत ‘रायव्हल’ हा शब्द समोर आला, तर शेजारच्या शहरी मुलाने तो कदाचित यादीत पाहिलेला असेल. याने तो बांधावर पाहिलेला असतो.