फुटाला अडीचशे, छतासकट!

डहाणू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बोर्डीचा किनारा, सुरूचं बन आणि चिकू. कैनाड कुणाच्याच लिस्टवर नसतं. आम्हीही तिथे फिरायला नाही, गाडी चकाचक करून घ्यायला गेलो!

गाडी म्हणजे मित्राची कॅराव्हॅन. आत बेड, किचन, टॉयलेट, सगळा संसार. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे जरा ओळखीचा झालाय. मित्र ती भाड्यानं देतो. बोर्डीला दोन रात्री उभी राहिल्यावर तिच्यावर खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर बसला होता, वर पक्ष्यांची मेहेरबानी. आणि सोमवारी पुढचं गिऱ्हाईक!

मुंबईत कार डिटेलिंगचं काम शिकून गावी परतलेला एक वारली तरुण कैनाडला हे करतो, असं कळलं. अंगणात पाण्याची टाकी, प्रेशर पंप, पॉलिशिंग मशीन. बोर्ड नाही, एसी वेटिंग रूम तर नाहीच.

मित्रानं आपल्या स्टाइलनं विचारलं, "अख्ख्या गाडीचे किती?"

तो काही बोललाच नाही. टेप काढली, लांबी मोजली. २० फूट. मग एका कोपऱ्यात हातभर जागेवर मशीन फिरवलं आणि मोबाइलमध्ये वेळ बघितली. फायबरची बॉडी उन्हानं निस्तेज होते, बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागते. ती किती घासावी लागणार, यावर काम अर्ध्या दिवसाचं की पूर्ण दिवसाचं हे ठरतं.

"फुटाला अडीचशे. आतलं वेगळं, दीड हजार."

म्हणजे साडेसहा हजार. "पाच फायनल कर ना, दादा."

"मग छत राहू द्या," तो शांतपणे म्हणाला.

भाव तोच, काम कमी. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये आपल्यापैकी कितीजणांना हे जमतं, बॉस?

या मुलखात मात्र कामाचा दर आपण ठरवायची गोष्ट जुनी आहे. शेजारच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला मे १९४५ मध्ये हजारो वारली जमले, गोदावरी परुळेकरांबरोबर. वेठबिगारी बंद, दिवसाला १२ आण्यांपेक्षा कमी मजुरी नाही, असं ठरलं. पुढे गवतकापणीचा दरही मागितला, ५०० पौंडांना अडीच रुपये. तोही मापावरच! त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाचजण गेले. हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये आहे. नसेल वाचलं तर जरूर वाचा.

मित्र छतासकट तयार झाला. गाडी आधी झाडाखाली घेतली, कारण उन्हात पाणी वाळून डाग पडतात. शिडी लावून सुरुवात छतापासून. स्कायलाइट आणि खिडक्यांच्या रबराजवळ प्रेशरची नळी लांब धरायची, नाहीतर सील सुटून पाणी आत जातं. चाकांच्या वर आणि गाडीखाली मात्र भरपूर पाणी, कारण खारं राहिलं की पत्रा गंजतो. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक कपडा खळबळायची. कपडा जमिनीवर पडला की बाद, कारण त्यातल्या वाळूचे चरे उठतात. मग पॉलिश, मग मेण. हाताशी त्याचा धाकटा भाऊ.

संध्याकाळ झाली. मित्रानं एकेक नोट मोजून दिली.

"पुढच्या वेळी किनाऱ्यावरून सरळ इकडेच आणा," तो वायर गुंडाळत म्हणाला. "खारं वाळायच्या आत. घासायला कमी लागेल."

"मग भाव कमी?"

"आधी मोजू ना."