नोव्हेंबरच्या यादीतील एक नाव

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवलेला महिना. २ नोव्हेंबरच्या आधी आमचे भाविक आपल्या दिवंगतांच्या नावांचे कागद आमच्याकडे आणून देतात. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेकनूरच्या परिसरात हाच काळ ऊसतोडीला निघण्याचा. घरांना कुलपे लागतात, बिऱ्हाडे कारखान्याची वाट धरतात आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या जुन्या ट्रंका.

अशाच एका ट्रंकेतून एका आजींनी आम्हांला गणवेशातील तरुणाचे छायाचित्र आणि तीन पत्रे काढून दाखविली. “फादर, हे माझे वडील. लढाईवरून आले अन् दोन वर्षांत गेले. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. त्यांचा स्नानसंस्कार झालेला नव्हता. यादीत नाव घालता येईल का?” शेजारी बसलेला नातू मात्र हळूच म्हणाला, “आजी, आता ते जुनं नाव कशाला?” त्या नावातून जात कळत होती आणि जातीपायी त्या मुलाने पुष्कळ सोसले होते. त्याचा संकोच आम्ही समजू शकलो.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. ख्रिस्तसभा सर्वच मृतांसाठी प्रार्थना करते. ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक, त्यांनाही ती विसरत नाही. अवघड होते ते नातवाचे समाधान.

भिंगातून पाहता टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ स्पष्ट दिसला. हा महार रेजिमेंटचा जुना बिल्ला. या समाजाची सैन्यभरती इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. म्हणजे हा तरुण राज्याची हद्द ओलांडून पलटणीत गेला होता. त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. त्यांतील हा एक.

पत्रे मोडीत होती, म्हणून घरात ती कोणालाच वाचता आली नव्हती. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी ती आम्हांला वाचून दाखविली. अशी पत्रे बहुधा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असत आणि लष्करी तपासनीस ती वाचीत; त्यामुळे ठिकाणांचा उल्लेख नसे, मनातलेही मोजकेच उतरे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आपल्या शिपायांनी लिहिलेल्या पत्रांतील तपासनिसांनी भाषांतरित केलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. आमच्या हातातील पत्रांतही पाऊस, बैल आणि सावकाराचे देणे एवढेच होते. तिसऱ्या पत्राच्या शेवटी मात्र एक प्रश्न होता : मुलीचे नाव काय ठेवले?

आजींना हे वाचून दाखविले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. बापाने आपले नाव विचारले होते, हे त्यांना ऐंशी वर्षांनंतर कळत होते.

नावे गळून पडण्याचे दुःख एका घरापुरते नाही. युद्धातील मृतांची स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये मान्य केले, की पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, त्यांत बहुसंख्य हिंदी व आफ्रिकी, स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही. कित्येकांची नावे दगडावर न कोरता नुसती नोंदवहीत ठेवली गेली. जे परक्यांनी केले, ते आपण आपल्याच माणसांच्या बाबतीत करावे काय? नातवाला आम्ही एवढेच विचारले.

वाचकहो, आपल्या घरीही अशी ट्रंक असेल. छायाचित्राच्या मागची अक्षरे, शिपायाचा क्रमांक, टपालाचा शिक्का उतरवून ठेवा. मोडी वाचणारा जाणकार वेळीच शोधा. महार रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशातील सागर येथे आहे; तेथे क्रमांकासह चौकशी करता येईल. आणि म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. वाळवी आणि मृत्यू कोणासाठी थांबत नाहीत.

कारखान्याला निघण्याच्या आदल्या दिवशी तो नातू यादी घेऊन आला. सर्वांत वर, वळणदार अक्षरांत, त्याने आपल्या पणजोबांचे पूर्ण नाव लिहिले होते. मिस्सामध्ये आम्ही ते जसेच्या तसे वाचले.