गिरवणे

परवा आमच्या एटापल्लीत शिक्षकांचे प्रशिक्षण होते. कसनसूर, जारावंडी अशा लांबलांबच्या गावांहून मंडळी आली होती. काहींच्या मोटारसायकली चिखलाने माखलेल्या. शिकवणारे तेवढे आले नव्हते. ते दूर शहरात आपल्या खुर्चीवर बसलेले. आमच्यापुढे भिंतीवर मोठा पडदा होता, आणि त्यावरचा इवलासा पांढरा बाण ते तिथून चालवीत होते. कोणी हात लावलेला नाही, आणि बाण आपला सरसर फिरतो आहे, चौकटी उघडतो आहे, मिटतो आहे! चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला.

दुरून शिकवण्याची ही हौस तशी जुनी. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली होती, आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना तिच्यावरून विज्ञान शिकवले होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण दूरचित्रवाणी नुसती पाहायची असे. आता संगणक आधी विचारतो, ताबा द्यायचा का? आपण ‘होय’ म्हटले की तिकडचा माऊस इकडचा बाण हलवतो, आणि इकडचे चित्र तिकडे दिसते. मात्र नेटवर्क अशक्त असले की चित्र मागे रेंगाळते. (आमच्याकडे ते अशक्तच असते.) मग तिकडचा माणूस क्षणभरापूर्वीच्या पडद्यावर बोट ठेवीत राहतो.

माहिती भरून दाखवायला मला उठवले. मी बाण डावीकडे नेऊ लागलो, तो तिकडून उजवीकडे ओढला गेला. दोघांच्या ओढाताणीत बिचारा जागच्या जागी थरथरू लागला.

“सर, तुम्ही राहू द्या, मी करून दाखवतो,” पडद्यातून आवाज आला. त्यात उर्मटपणा मुळीच नव्हता. मी हात काढून घेतला. मागे कोणीतरी हसले. माझे अर्धवट लिहिलेले नाव पुसले गेले, भराभर रकाने भरले गेले.

“समजलं ना सर?”

“समजलं,” मी म्हणालो. काही समजले नव्हते.

जागेवर येऊन बसलो, आणि पहिलीतली एक माडिया पोर आठवली. घरात माडिया बोलणारी. माझी मराठी तिला परकी. पाटीवर मी तिचा हात धरून ‘ग’ गिरवून घेत असे. तिची बोटे काडीसारखी ताठ होत. “समजलं?” म्हटले की ती मान हलवी. पडद्यामागच्या त्या गृहस्थाला माझा हात कळणे शक्यच नव्हते. मला तर तो ताठपणा मुठीत लागत होता. तरी मी सोडत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पाटी-पेन्सिल तिच्यापुढे ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग ‘ग’ काढला. काना आधी, आणि तोही भलत्या बाजूला. माझे हात शिवशिवू लागले. मी ते खिशात घातले.